गुलामीची खूण म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, पुण्याची मंडई म्हणजे इंग्रजांच्या गुलामीची खूण, पाडा एकदाची आणि पार्किंगवालं काहीतरी बांधा. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मी आयर्लंडमधल्या कॉर्कला राहतो. इंग्रजांनी छळल्याचा हिशोब मांडायचा तर या लोकांचं खातं काही हलकं नाही. 1845 पासूनच्या दुष्काळात दहा लाख माणसं गेली, त्यातच 1849 ला राणी व्हिक्टोरिया आली आणि तिच्या मानासाठी शेजारच्या कोव्ह बंदराचं क्वीन्सटाउन केलं. डिसेंबर 1920 ला ब्रिटिश फौजेने कॉर्कचं सेंटर जाळलं. यांनी पुढे काय केलं, तर राणीचं नाव पुसून कोव्ह परत आणलं, आणि बंदरावरची ती उतारावर ओळीने उभी रंगीत घरं मात्र जपली. मी शनिवारी मासे घेतो ते इंग्लिश मार्केटमध्ये, प्रिन्सेस स्ट्रीटकडची बाजू 1862 ची, 1980 ला आगीत गेली तर महापालिकेने परत उभी केली, नावातलं इंग्लिश पण तसंच ठेवलंय.

आणि मंडईसारखं व्हिक्टोरियन, म्हणजे त्या राणीच्या काळातलं बांधकाम, इंग्रजांचंच हे कुणी सांगितलं? कोव्हचं सेंट कोलमन कॅथीड्रल 1868 ला सुरू झालं, संपायला 1919 उजाडलं, पैसा इथल्या गरिबांचा आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचा. गाव सोडून गेलेली माणसं गावात देऊळ बांधायला पैसे पाठवतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कॉर्कमधल्या सेंट फिन बार कॅथीड्रलचे तीन मनोरे मला बसमधून रोज दिसतात. त्यांचं डिझाइन करणाऱ्या विल्यम बर्जेसने मुंबईच्या आर्ट स्कूलचंही डिझाइन केलेलं, ते बांधलं गेलं नाही, पण ती ड्रॉइंग घेऊन आलेला त्याचा शिष्य इमर्सन मुंबईत राहिला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट केलं. हे कळलं त्या दिवशी मला या शहरात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

हे सगळं लिहिलं तर दादाचं एका ओळीत उत्तर, "वाड्याच्या कागदावर सही कोणाची होती?"

माझीच. चौक, माडी, आजीचं तुळशीवृंदावन, सगळं बिल्डरला दिलं, मी सही करून इथून कुरियरने पाठवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. इथल्या माझ्या घराच्या जुन्या लाकडी खिडक्या मात्र हौसेने दुरुस्त करून घेतल्या.

चुकलंच माझं, दादा. म्हणून तर सांगतोय, मंडईला हात लावू नका.