‘ताळा करू नका’ या मेसेजबद्दल

गेला आठवडाभर आमच्या देवगड भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला एकट्याला तो सहा जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: समीकरण सोडवून झाल्यावर मुलांना ताळा करायला, म्हणजे आलेलं उत्तर समीकरणात ठेवून दोन्ही बाजू जुळतात का पाहायला लावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर बरोबर येणारच. ताळ्याला मार्क नसतात. ताळा जुळूनही उत्तरं चुकतात, मग उपयोग काय? आणि आपल्या प्राचीन गणितात ताळा नव्हताच, ही इंग्रजांनी लावलेली कारकुनी सवय. सगळ्याच्या वर रँग्लर परांजप्यांचा फोटो.

दापोलीजवळच्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, याचा आम्हा कोकणातल्या मास्तरांना अभिमान आहे. पण मेसेजमध्ये त्यांचं एक वाक्यही नाही. फोटो नुसता वजन पडावं म्हणून.

इंग्रजांचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो सरळच चूक आहे. नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त गुणाकाराचा ताळा दिलेला आहे. मनाला येईल तो भाजक घ्या, गुण्य आणि गुणक यांच्या बाक्यांचा गुणाकार करा, त्याची बाकी उत्तराच्या बाकीशी जुळते का पाहा. आमच्या आजोबांचा नवाचा ताळा, म्हणजे नवाने भागून बाक्या जुळवणं, त्याच घराण्यातला. त्याच्याही आधी, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त इष्टकर्म सांगितलं. अज्ञात संख्येच्या जागी एक सोयीची संख्या धरायची, गणितात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि जे येईल त्यावरून खरी संख्या काढायची. अज्ञाताच्या जागी संख्या ठेवून पाहणं म्हणजेच तर ताळा. त्या काळी इंग्रज इकडे फिरकलेही नव्हते.

आता ‘पायऱ्या बरोबर तर उत्तर बरोबर’. साध्या रेषीय समीकरणापुरतं हे खरं आहे, मी नाकारत नाही. दोन्ही बाजूंत सारखं मिळवलं, वजा केलं किंवा शून्य सोडून एखाद्या संख्येने गुणलं-भागलं, तर प्रत्येक पायरी उलटही फिरवता येते आणि उत्तर बदलत नाही. पण सगळी गोम त्या ‘असतील तर’मध्ये आहे. पायऱ्या बरोबर आहेत हे मुलाला कळणार कसं? चूक करताना ती चूक वाटत नसतेच. शिवाय छेदात अज्ञात आलं की हा नियम लंगडा पडतो. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) घ्या. छेद सारखे, म्हणून अंश सारखे, म्हणजे क्ष = ३. वरवर काहीच चुकलं नाही. पण ३ ठेवला की छेद शून्य होतो आणि समीकरणाला अर्थच राहत नाही. या समीकरणाला उकल नाही, आणि हे ताळ्याशिवाय लक्षात आलेलं मूल मी अजून पाहिलं नाही.

वेळेबद्दल. माझ्या पडवीत आठवीची मुलं बसतात, त्यांना नेहमी घालतो ते समीकरण: ५क्ष − ७ = ३(क्ष + ५). कंस सोडवला की ५क्ष − ७ = ३क्ष + १५, मग २क्ष = २२, क्ष = ११. ताळा: डावी बाजू ५५ − ७ = ४८, उजवी ३ × १६ = ४८. बोलून बघा, मिनिटसुद्धा लागत नाही. सोडवण्यापेक्षा ताळा सोपाच असतो, कारण त्यात पक्षांतर नाही, चिन्हांची उलथापालथ नाही, नुसती अंकगणिताची बेरीज-वजाबाकी.

पण खरी गंमत ताळा जुळत नाही तेव्हा आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तिचा पत्ताच नाही. एका मुलाने कंस सोडवताना ३ ने फक्त क्षला गुणलं, ५ तसाच ठेवला. त्याची ओळ झाली ५क्ष − ७ = ३क्ष + ५ आणि उत्तर ६. ताळ्यात डावीकडे २३, उजवीकडे ३३. फरक १०. हा १० कुठून आला? १५ च्या जागी ५ लिहिले, तिथून! जेवढं गिळलं, तेवढाच फरक. दुसरीने कंस नीट सोडवला, पण −७ पलीकडे नेताना चिन्ह बदललं नाही: २क्ष = १५ − ७, म्हणून क्ष = ४. ताळ्यात डावीकडे १३, उजवीकडे २७. फरक १४, म्हणजे सातची दुप्पट. सात मिळवायचे होते तिथे वजा केले, म्हणून दोनदा हुकलं. मग मी मुलांना सांगतो, फरक समीकरणातल्या एखाद्या संख्येच्या बरोबर दुप्पट दिसला तर आधी तिचं चिन्ह तपासा. दरवेळी असं साधेल असं नाही. दोन चुका एकत्र झाल्या की माग पुसट होतो. तरी वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशेब आला आणि हिशेब लागेना, की बागायतदार आधी फरकाचा आकडा बघतो, तो हमालीएवढा आहे की भाड्याएवढा. तसंच हे.

मार्कांचं काय? ताळ्याला नसतील, उत्तराला असतात. कच्च्या कामात करा. आणि प्रश्नातच ‘ताळा करा’ म्हटलं असेल तर हा वादच उरत नाही.

राहिला ‘ताळा जुळूनही उत्तर चुकतं’ हा मुद्दा. मेसेजमधला हा एकच मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटला, कारण हे खरोखर घडतं. वरच्याच पहिल्या मुलाने मला वही दाखवून विचारलं होतं, “सर, ताळो जुळलो, मगे उत्तर चुकला कसा?” त्याने ६ ही किंमत दुसऱ्या ओळीत ठेवली होती, म्हणजे ५क्ष − ७ = ३क्ष + ५ मध्ये. तिथे दोन्हीकडे २३ येणारच, चूक त्या ओळीच्या आत शिरून बसली आहे. किंमत ठेवायची ती सगळ्यात वरच्या, पुस्तकातून उतरवलेल्या ओळीत. पुस्तकातून उतरवतानाच आकडा चुकला असेल तर पुस्तक उघडून.

शाब्दिक उदाहरणात तर समीकरणही आपणच मांडलेलं असतं. दोन खोक्यांत मिळून ९६ आंबे आहेत, मोठ्या खोक्यात लहान खोक्याच्या दुपटीपेक्षा ६ कमी. लहान खोक्यात किती? बरोबर मांडणी क्ष + २क्ष − ६ = ९६, उत्तर ३४ आणि ६२. घाईत वाचणारा ‘६ जास्त’ धरतो, क्ष + २क्ष + ६ = ९६ मांडतो, ३० आणि ६६ काढतो. समीकरणात ३० ठेवले की ताळा छान जुळतो, बेरीजही ९६ भरते. इथे ताळा समीकरणाशी नाही, वाक्याशी करायचा: तीसच्या दुपटीपेक्षा ६ कमी म्हणजे ५४, आणि आपल्याकडे ६६ आहेत. अशी उदाहरणं तपासताना मी मुलांना समीकरणावर हात ठेवून झाकायला लावतो.

आणि एक गोष्ट ताळ्याकडून मागूच नये. ठेवलेली किंमत चालते एवढंच तो सांगतो. तेवढीच चालते, असं तो म्हणत नाही. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मध्ये कुठलीही संख्या ठेवा, जुळेल. क्ष × क्ष = ३क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्षने भागलं की ३ मिळतात, ताळा जुळतो, आणि ०ही उकल होती हे वहीत कुठेच येत नाही. ती भागताना गेली, कारण क्ष शून्य असू शकतो हे भागणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. गेलेलं उत्तर ताळा परत आणून देत नाही; त्यासाठी भागाकाराच्या त्या ओळीशीच थांबावं लागतं.