उतरणाऱ्याला बाण दिसत नाही

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जाताना टोलार खिंडीपर्यंत फारसं चुकायला होत नाही. पुढचा रेलिंगचा कातळटप्पाही आपोआप वर नेतो. खरी गंमत त्याच्यावर. एकामागून एक टेकाडं, मध्ये झाडी, आणि जिकडे तिकडे ढोरवाटा. दगडांवर ऑइलपेंटचे बाण नसतील तर नवखा माणूस चकव्यात सापडलाच म्हणून समजा. आम्ही त्या बाणांच्याच जिवावर सकाळी मंदिर गाठलं.

तीनला उतरायला निघालो. साडेचारला त्याच कोरड्या ओढ्यात दुसऱ्यांदा! मित्र म्हणाला, "अरे, सकाळी तर पावलोपावली बाण होते." होतेच की. ज्या धोंड्याला टेकून मी पाणी पीत होतो त्याच्याच पलीकडच्या अंगावर हा एवढा पांढरा बाण होता, खालून येणाऱ्याला दिसेल असा. मग उरलेलं पठार आम्ही दहा पावलं चालायची, मागे वळून बघायचं, असं करत पार केलं. मान दुखली ती वेगळीच.

बाण काढणारा चढत असतो, तेव्हा रंगाचा डबा भरलेला आणि अंगात जोर. उतरेपर्यंत दोन्ही संपतात. त्याला दोष नाही. पण चढताना वाटा एकमेकींना मिळत जातात आणि उतरताना त्याच फुटत जातात. शिवाय उजेड कमी, पाणी संपलेलं आणि खुबी फाट्यावरून एसटी पकडायची घाई. बाण लागतो तो तेव्हा.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर एलियास बालिन्या या पाद्र्याने १९८० च्या दशकात पिवळे बाण रंगवायला घेतले, ते आज जगभर माहीत आहेत. तेही बहुतेक एकाच दिशेचे. पण तिथला यात्रेकरू सहसा बसने नाहीतर विमानाने परततो. आपल्याला त्याच डोंगरातून खाली यायचं असतं.

सरळ मळलेल्या वाटेवर वीस बाण नकोतच. फाट्यावर दोनच काढा, एक वर जाणाऱ्यासाठी, एक खाली येणाऱ्यासाठी. मंदिराच्या आणि लेण्यांच्या दगडाला तर ब्रश लावूच नका, तिथे कोण हरवतंय? गावातल्या एखाद्या मामांना सोबत घ्या, गुरांची वाट कुठली नि माणसांची कुठली हे त्यांनाच ठाऊक. आणि गड अभयारण्यात येतो, तेव्हा आधी वनखात्याला विचारा.

दिवाळीनंतर कोणी रीतसर परवानगी काढून जाणार असेल तर कळवा. येताना डबा माझ्याकडे द्या.