गाडीवरचं वचन आणि सिग्नल

गळ्यातला क्रूस आणि गाडीवर लिहिलेलं बायबलचं वचन हीच ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेची साक्ष, असं एका लेखात वाचलं. मला अर्धंच पटलं. साक्ष कामातूनही दिसते. पंडिता रमाबाईंनी १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला सांभाळल्या, हाताला काम दिलं. त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळेही तिथल्या बायकांनीच जुळवले.

आमची मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स. कुष्ठरोग्याची पट्टी सोडताना तिने कधी नाकाला पदर लावला नाही. जखम धुता धुता पोराबाळांची चौकशी करायची. येशूचं नाव क्वचितच काढायची. पेशंटच विचारायचे, "सिस्टर, तुम्हाला किळस कशी येत नाही हो?"

(वचन आमच्याही गाडीवर आहे म्हणा. सिग्नल तोडला की मागच्याला तेच दिसतं!)