मामा, अंबाझरीत कासव सोडण्याआधी एक फोन तरी करायचा

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. आता शाबासकी मिळणार याची त्यांच्या आवाजात पूर्ण खात्री होती. "अगं, तुझंच काम करून आलो. नातवाच्या टाकीतले ते दोन काळे सकर मासे आणि एक कासव, सकाळी फिरायला गेलो तेव्हा अंबाझरी तलावात सोडले. आता सांग, किती दिवसांत खाऊन साफ करतील जलपर्णी?"

माझं काम काय, तर तलावांत घुसलेल्या परक्या वनस्पती आणि प्राण्यांना आवर घालणं. गमबूट, जाळी, पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर, आणि आठवड्यातले दोन दिवस टेंडरच्या अटी वाचत बसणं. हे मामांना गेली बारा वर्षं माहीत आहे. तरीही ऐकलं कोणाचं, तर 'नागपूरकरांनो जागे व्हा, शेवटपर्यंत वाचा' अशी सुरुवात असलेल्या फॉरवर्डचं. तो मला आतापर्यंत पाच ग्रुपवर आलाय. त्यातल्या दोन ग्रुपवर आणखी जीवशास्त्रज्ञ आहेत आणि तेही गप्प आहेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात: जलपर्णी ही आपलीच प्राचीन औषधी वनस्पती आहे. ती पाणी शुद्ध करते आणि तलावाला ऑक्सिजन देते. ती काढणं हा निव्वळ ठेकेदारांचा धंदा आहे. काढायचीच असेल तर सकर मासे, कासवं आणि मांगूर सोडा, जिवाला जीवदान दिल्याचं पुण्यही मिळेल. नाहीतर मीठ आणि व्हिनेगर फवारा. आणि शास्त्रज्ञांकडे आठ दिवसांत तलाव साफ करणारा एक किडा आहे, पण तो दाबून ठेवलाय.

'प्राचीन औषधी'चं आधी उरकून टाकते. आयुर्वेदात कुंभिका किंवा जलकुंभी म्हणतात ती वेगळी, पानकोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी. अंबाझरीवर पसरलेली, जांभळ्या तुऱ्याची, देठाला फुगा असलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेची म्हणून ती बंगालात आली आणि तिने तिथे इतका उच्छाद मांडला की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्याकडे पेपरवालेही दोन्हींना जलकुंभी म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. इतपत माफ.

'पाणी शुद्ध करते' यात अर्धं खरं आहे, आणि ते मला दात-ओठ खात मान्य करावं लागतं. जलपर्णी सांडपाण्यातलं नत्र, स्फुरद आणि काही जड धातू मुळांतून ओढून घेते, हे सिद्ध झालेलं आहे. वनस्पतींकडून सांडपाणी साफ करून घेण्याचं फायटोरिड तंत्र तर आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं आहे. पण तिथे पाणथळीतल्या वनस्पती खडीच्या वाफ्यात लावलेल्या असतात, पाणी किती यायचं आणि किती वेळ थांबायचं हे ठरलेलं असतं, आणि वाढलेलं झाड कापून बाहेर नेलं जातं. तलावात मोकाट सुटलेली जलपर्णी जे शोषते ते कुजून तळाला बसते आणि पुन्हा पाण्यातच मिसळतं. म्हणजे कचरा घराबाहेर न टाकता पलंगाखाली सारायचा आणि घर स्वच्छ म्हणायचं.

ऑक्सिजनचं तर उलटंच आहे. पानं पाण्याच्या वर, त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन हवेत जातो. खाली ऊन पोचत नाही, म्हणून पाण्यातलं शेवाळ मरतं, आणि कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू संपवतो. माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी विरघळलेला ऑक्सिजन लागतो. दाट थराला काठीने भोक पाडून मी मीटरची दांडी आत सोडते तेव्हा आकडा बऱ्याचदा दोनच्याही खाली घसरतो. त्याच वेळी एखादं झाड उपटून पाहा. काळी-जांभळी, पिसासारखी मुळं, त्यांना चिकटलेल्या गोगलगायी, आणि कुजलेल्या अंड्याचा वास. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्यावर येतही नाहीत. असल्या मुळांना भोक पाडून त्या आतली हवा ओढतात. फॉरवर्डमधलं 'देवाने दिलेलं फिल्टर' ते हेच.

आता मामांचा मुद्दा. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा मात्र कायमचं नुकसान करणारा आहे.

फॉरवर्ड म्हणतो, 'सकर मासा टाकीची काच साफ करतो, मग तलाव का नाही करणार?' अहो, तो काचेवर चिकटलेलं शेवाळ खरवडून खातो. ओठ खाली वळलेले, दात बारीक, तोंडाचा आकारच त्यासाठी. घासणी भांडी घासते म्हणून तिच्याकडून अंगणातली बाभूळ तोडून घ्यायची का? सकर जलपर्णी खात नाही. तो तळातला गाळ आणि शेवाळ खातो, आणि त्याबरोबर तिथली दुसऱ्या माशांची अंडीही. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा मोकळ्या पाण्यात दीड फुटापर्यंत वाढतो. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो, आणि अंबाझरीचा बांध मातीचा आहे. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात बाकीचे मासे मरतात तेव्हा हा वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. म्हणजे जलपर्णीने गुदमरलेला तलाव त्याला उलट सोयीचाच.

एका तलावावर जाळ्यात आलेला सकर मी पाहिलाय. अंगावर हाडाच्या पट्ट्या, परांच्या टोकाला काटे. जाळं त्यात असं गुंतलं होतं की ढिवर (मासेमार) दादांनी दहा मिनिटं खटपट केली आणि शेवटी ब्लेडने जाळंच कापलं. "याला खात नाही कोणी, विकत घेत नाही कोणी, अन् जाळं घेऊन जाते हा." मासा कोरड्या घमेल्यात पडला होता. अर्ध्या तासाने पाहिलं तरी जिवंत. मेक्सिकोच्या इन्फिएर्निलो जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी होती. तिथे जाळ्यांत सकरच भरू लागल्यावर मच्छीमारांचा धंदा बसला. आपल्या उजनी धरणातही तो पोचलाय.

कासवाचं म्हणाल तर मामांनी सोडलेलं कासव देशी नाही. देशी कासवं विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून दुकानदार अमेरिकेतलं हिरवं, कानाशी लाल पट्टा असलेलं पिल्लू विकतात. विकत घेताना रुपयाएवढं, पुढे ताटलीएवढं. लहानपणी ते किडे आणि माशांची पिल्लं खातं. मोठेपणी पालाही खातं, पण म्हणून एकरभर जलपर्णी फस्त करणार नाही. ते करतं काय, तर ऊन खायला आपल्या कासवांना लागणारे दगड आणि ओंडके बळकावून बसतं. जगातल्या सर्वांत घातक परक्या जीवांची शंभराची यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने काढली आहे. तिच्यात जलपर्णी आणि हे कासव दोघंही आहेत. म्हणजे मामांनी चोर पकडायला दरोडेखोर नेमला.

मांगूरबद्दल एवढंच की बाजारात 'थाई मांगूर' म्हणून मिळतो तो आफ्रिकेतला, मांसाहारी. त्याच्या पालनावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, आणि हरित लवादाने २०१९ मध्ये असलेले साठे नष्ट करायला सांगितलं. तो तलावात सोडण्यात पुण्य नाहीच, बेकायदा काम मात्र आहे. 'मग गवत्या?' असं कोणीतरी विचारणारच. गवत्या मासा पाणवनस्पती खातो हे खरं, पण त्याला पाण्याखालची कोवळी आवडते, जलपर्णी नाही. आणि तो कुठे, किती सोडायचा हे मत्स्य खात्याने ठरवायचं, मॉर्निंग वॉक ग्रुपने नव्हे.

"दोन माशांनी काय होते?" मामांनी हे तीनदा विचारलं. मामा, २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी भरून वाहिला तेव्हा तुमच्या गल्लीत पाणी कुठून आलं होतं, आठवतंय ना? त्या सांडव्यावरून गेलेलं पाणी नाग नदीत जातं. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण. तिथे जाळं टाकून पोट भरणारी शेकडो ढिवर कुटुंबं आहेत. तुमच्या नातवाचा कंटाळा त्यांच्या जाळ्यात जाऊन बसायला एक चांगला पावसाळा पुरतो.

आणि असा परका जीव एकदा पसरला की परत काढता येत नाही, हे काही माझं एकटीचं रडगाणं नाही. जैवविविधतेबद्दल सरकारांना सल्ला देणारी आयपीबीईएस नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिचा परक्या आक्रमक जीवांवरचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. ४९ देशांतले ८६ तज्ज्ञ, साडेचार वर्षांचं काम, १३,००० च्या वर संदर्भ. त्यात जगात सर्वाधिक पसरलेल्या आक्रमक जीवांत जलपर्णीचं नाव पहिलं आहे. माणसाने इकडून तिकडे नेलेले ३,५०० हून जास्त जीव घातक ठरलेत, आणि नोंदलेल्या प्रजाती नामशेष होण्याच्या ६० टक्के घटनांत त्यांचा हात आहे. समूळ उच्चाटन जमलं ते मुख्यतः बेटांसारख्या तुटक जागी. एकमेकांना जोडलेल्या पाण्यात ते बहुतेक वेळा फसलंय. म्हणून अहवाल पुन्हा पुन्हा सांगतो, आधी येऊच देऊ नका. मी हे सगळं मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पण फॉरवर्डमध्ये तर फोटो होता." फोटो होता, खरं आहे. टाकीतल्या सकरचा.

मीठ आणि व्हिनेगर. एक हेक्टरचं, सरासरी एक मीटर खोल तळं धरा. पाणी झालं एक कोटी लिटर. जलपर्णीला त्रास होईल असं एक टक्का खारट करायचं तर १०० टन मीठ लागेल. तेवढ्यात बाकीचं सगळं आधी मरेल. नुसतं पानांवर फवारलं तर पानं करपतात आणि चार दिवसांनी खोडातून नवा कोंब येतो. पुढे.

किड्याची गोष्ट मात्र खरी आहे, आणि दाबून कोणी ठेवलेली नाही. जलपर्णी खाणारे निओकेटिना जातीचे दोन सोंडकिडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले, आधी बंगळुरूकडे. चारेक मिलिमीटरचा किडा पानं कुरतडतो, अळी देठात बोगदा करते, झाड हळूहळू बुडतं. 'हळूहळू' म्हणजे आठ दिवस नाही, वर्षं. आपल्या उत्तरेला बैतूल जिल्ह्यात सारणीचा जलाशय आहे. तिथे 'चायनीज झालर' या दुसऱ्या पाणवनस्पतीवर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सोडलेल्या सोंडकिड्यालाही वर्षाहून जास्त काळ लागला. शिवाय जिथे सांडपाणी येत राहतं तिथे जलपर्णी किड्याच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. अनुकूल पाण्यात ती साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. जूनमध्ये राहिलेली दहा रोपं दिवाळीपर्यंत दहा हजार. आणि यंत्राने सगळी उपसली की तिच्यावरचे किडेही ट्रॉलीतून जातात. म्हणून काही पट्टे राखून ठेवायचे असतात. हे टेंडरमध्ये घालायला मी दोन वर्षं भांडतेय.

ठेकेदारांच्या मुद्द्यावर मी फॉरवर्डवाल्यांशी भांडणार नाही. दरवर्षी तेच काम, तेच बिल. उपसलेला ढीग काठावरच टाकतात आणि पहिल्या पावसात त्यातली निम्मी पुन्हा पाण्यात. त्यात ९० टक्क्यांवर पाणीच, म्हणजे आपण ट्रॉली भाड्याने घेऊन पाणी वाहतो. बिया तर गाळात वीस-वीस वर्षं तग धरतात. पण उत्तर 'काढू नका' हे नाही. काढा, लांब न्या, पुढच्या महिन्यात पुन्हा काढा, आणि शेजारच्या वाडी शहराकडून अंबाझरीत येणारं सांडपाणी थांबवा. भंडारा-गोंदियाच्या 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलावांत ढिवर बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरम नावाची वनस्पती मुळासकट उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे परत आले. त्यांच्याकडे ना यंत्र होतं ना फॉरवर्ड.

सोमवारी मामांकडे गेले तेव्हा कळलं की कासवं दोन होती. दुसरं कपाटाखाली लपल्यामुळे वाचलं, म्हणजे अंबाझरी वाचला. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. म्हणून ते सध्या माझ्या बाल्कनीत, जुन्या प्लास्टिकच्या टबात आहे. मामांनी विचारलं, किती वर्षं जगतं. मी म्हटलं, नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं. मामा एकाहत्तरचे आहेत. ते काहीच बोलले नाहीत. मामी आतून म्हणाली, "मग हे नातवाच्याच नावावर कर."