पीपीटीचा व्हिडिओ करणारी सॉफ्टवेअर ‘सगळी सारखीच’ नाहीत

नागपुरातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर उन्हाळ्याच्या सुट्टीपासून एक संदेश फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: पीपीटीचा व्हिडिओ करणारी सगळी सॉफ्टवेअर सारखीच असतात, फुकटच्या संकेतस्थळावर फाइल चढवली की काम होते, आवाज शेवटी एकदमच भरावा, आणि यासाठी पैसे मोजणारा फसतो. शिक्षकांना असे व्हिडिओ तयार करून देणे हे माझे रोजचे काम आहे. या संदेशावर विसंबून केलेले आणि मग पहिल्यापासून पुन्हा करावे लागलेले धडे माझ्याकडे आले, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

‘सगळी सारखीच’ हे विधान मुळातच चुकीचे आहे, कारण ही सॉफ्टवेअर तीन अगदी वेगळ्या रीतींनी काम करतात. पॉवरपॉइंट किंवा कीनोट (ॲपलच्या संगणकावरचे तसेच सॉफ्टवेअर) स्वतःच व्हिडिओ काढते तेव्हा स्लाइडवर कोणती वस्तू कधी आणि कशी येणार हे त्याला माहीत असते. ओबीएस स्टुडिओ किंवा कॅमटेशिया पडद्यावर जे दिसते ते टिपून घेते. संकेतस्थळांवरचे अनेक कन्व्हर्टर मात्र प्रत्येक स्लाइडचे एक स्थिर चित्र काढतात आणि ती चित्रे एकापुढे एक जोडतात. भूगोलाच्या एका बाईंच्या धड्यात नाग नदीचा नकाशा होता. निळी रेघ अंबाझरीपासून निघून शहरातून सरकत कन्हानपर्यंत पोहोचते आणि ती पुढे जाईल तसतशी एकेका ठिकाणाचे नाव उमटते, अशी त्यांनी ॲनिमेशनची मांडणी केली होती. कन्व्हर्टरमधून आलेल्या व्हिडिओत पहिल्याच क्षणी संपूर्ण नदी आणि सगळी नावे एकदम दिसत होती. पुढच्या स्लाइडवर तर प्रश्नाच्या खाली उत्तरही आधीच हजर होते. तीच फाइल त्यांच्याच संगणकावर पॉवरपॉइंटमधून एमपीफोर या नेहमीच्या व्हिडिओ स्वरूपात काढली, तेव्हा रेघ हवी तशी सरकली. ही सोय नवी नाही. पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत व्हिडिओ डब्ल्यूएमव्ही स्वरूपात निघत असे आणि २०१३ पासून एमपीफोरही निघू लागला.

व्हिडिओत क्लिक करता येत नाही, हेही या संदेशात कुठे सांगितलेले नाही. पूर्वी पीपीटीचे फ्लॅश (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि क्लिक चालवणारे ॲडोबीचे जुने तंत्र) करून देणारी सॉफ्टवेअर प्रश्नमंजूषेसह फाइल देत असत, म्हणजे विद्यार्थी उत्तरावर टिचकी मारू शकत असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार थांबवला आणि तसे धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. आज तशी प्रश्नमंजूषा हवी असेल तर एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानाच्या रूपात, धडा देणारे आयस्प्रिंगसारखे साधन लागते. साध्या एमपीफोरने ते काम होणार नाही.

दुसरा मुद्दा संकेतस्थळाचा, आणि मराठी शिक्षकांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. देवनागरी अक्षरे नीट जुळण्यासाठी फाँट तर लागतोच, शिवाय वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे योग्य जागी बसवणारी व्यवस्था त्या दूरच्या सर्व्हरवर असावी लागते. एका धड्याचे शीर्षक ‘विदर्भातील खनिजे’ असे होते. व्हिडिओत ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन सुटी उभी राहिली आणि ‘र्भ’वरचा रफार खाली उतरून, पाय मोडलेला ‘र’ होऊन, ‘भ’च्या आधी येऊन बसला. वाचायला शिकणाऱ्या मुलांसमोर असे अक्षर ठेवणे मला अक्षम्य वाटते. जुनी फाइल कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण तिथे मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि फाँट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिड उरते. ज्या संगणकावर फाँट आहे त्याच संगणकावर व्हिडिओ काढला, तर अक्षरे चित्राचाच भाग होऊन जातात आणि पाहणाऱ्याकडे तो फाँट असण्याची गरज राहत नाही. विद्यार्थ्यांची नावे आणि छायाचित्रे असलेली फाइल अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये, हे वेगळे सांगायला नको.

आवाज शेवटी एकदम भरावा, हा सल्ला दिसतो तितका सोपा नाही. वीस मिनिटांचे सलग निवेदन चढवले आणि नंतर सातव्या स्लाइडवरचे एक वाक्य बदलले, तर त्यापुढचा सगळा आवाज चित्रापासून सरकतो. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडचा आवाज त्या स्लाइडपाशीच साठवला जातो, त्यामुळे फक्त सातवी स्लाइड पुन्हा बोलली की पुरते. नागपूरच्या मे महिन्यात याचे महत्त्व विशेष आहे. कूलर सुरू असला की त्याची घरघर माइकमध्ये उतरते, आणि कूलर बंद करून वीस मिनिटे सलग बोलणे कोणालाही अवघड जाते; दोन मिनिटे बोलावे, कूलर लावावा, पुन्हा बोलावे, हे जमते. पॉवरपॉइंटची एक उणीवही सांगितली पाहिजे: एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना, म्हणजे ट्रान्झिशन चालू असताना, आवाज टिपला जात नाही. म्हणून वाक्य पूर्ण करून, क्षणभर थांबून मगच स्लाइड पुढे न्यावी. ज्या स्लाइडची वेळ ठरवलेली नसेल तिला, आपण बदल न केल्यास, पाच सेकंद मिळतात, मग तिच्यावर एक शब्द असो की मोठा तक्ता.

ज्यांना सलग शिकवण्याच्या ओघातच बोलायचे आहे किंवा जे पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस इम्प्रेस हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात, त्यांनी स्लाइड शो चालवून तो ओबीएसने टिपावा. मात्र रेकॉर्डिंग एमकेव्ही या व्हिडिओ स्वरूपात ठेवावे. मध्येच वीज गेली तर साध्या एमपीफोरची फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचे टिपलेले सहसा वाचते, आणि ओबीएसमध्येच तिचे नंतर एमपीफोर करता येते.

चौथ्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे. केवळ स्लाइड आणि आवाज असलेल्या धड्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. पण संगणकाचा विषय शिकवणाऱ्या सरांना माउसचा बाण ठळक करायचा असतो, एखादा भाग मोठा करून दाखवायचा असतो आणि चुकलेला तुकडा मधूनच कापायचा असतो. ही कामे कॅमटेशियामध्ये एकाच ठिकाणी होतात. दर आठवड्याला असे चार धडे करणाऱ्याने पैसे मोजले तर तो फसलेला नाही, त्याने आपले तास विकत घेतलेले आहेत.