गाडी येतेच ना न्यायला!

आज सकाळी भाजीच्या ठेल्यावर डोकंच फिरलं. माझ्यापुढे आमच्याच कॉलनीतले एक दादा उभे होते. कोथिंबीर एका पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, मिरच्या दुसरीत, चार लिंबं तिसरीत, गिलकी चौथीत. न राहवून म्हटलं, "दादा, घरून पिशवी आणत जा ना." हसून म्हणाले, "वहिनी, कशाला एवढं? कचऱ्याची गाडी येतेच ना न्यायला!"

तेव्हा गप्प बसले. दुपार झाली तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

माझ्या हातात आईने शिवलेली पिशवी होती, बाबांच्या जुन्या पँटची. बंद दोनदा उसवले, दोनदा शिवले. हीच घेऊन आई नंदलालपुऱ्याच्या मंडईत जायची. बटाटे खाली, टोमॅटो वर, कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावणारी. घरी आली की पिशवी उलटी करून झटकायची आणि खुंटीला अडकवायची.

गाडी येते हो! 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, पाहुणे आले की मीच सगळ्यात जास्त मिरवते. पण गाडीत टाकली म्हणजे पन्नी नाहीशी झाली का? ती कुणाला तरी हाताने वेचावी लागते. पातळ पन्नी यंत्रात गुंडाळून बसते, चटणीने बरबटलेली तर कुणी घेतही नाही. चांगली निघाली तरी तिच्यापासून हलका माल होतो, नाहीतर ती रस्त्याच्या डांबरात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाते. आणि जी गाडीपर्यंत पोचतच नाही? ती कान्ह नदीच्या पाण्यात, गाईच्या पोटात.

आई दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि साठल्या की भंगारवाल्याला द्यायची. स्वच्छ असल्या की तो खुशीने घ्यायचा. तिला कुणी शिकवलं होतं हे?

बंदी तर केव्हाची आहे. आपल्या राज्यात 2017 सालीच झाली, आणि 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंद आहे. तरी ठेल्याच्या दांडीला झुबका लटकलेलाच. ठेलेवाल्याला मी बोलणार नाही. त्याने नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या ठेल्यावर जातं. दही-पनीरला अडतं, तेही मान्य. पण कोथिंबिरीला? आणि दुकानात मिळते ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी, तीही बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते. एकदा वापरून फेकायला ती घेऊच नका.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ते दादा माणूस वाईट नाहीत, आई गेली तेव्हा रात्रभर आमच्याकडे बसले होते. त्यांच्याही घरी अशी एखादी पिशवी खुंटीला असणारच, कधीतरी काढून ठेवली असेल.

जुना पडदा काढलाय, मशीनला तेल घातलंय. पहिली पिशवी त्यांचीच. कुणाकडे जुन्या जीन्स, चादरी असतील तर धुऊन माझ्याकडे आणून द्या. शिलाई नको, दोरा तेवढा आणा.