केटोला फुकटचा मास्तर होता तरी

आमच्या नात्यात दोन-तीन शिक्षक आहेत त्यामुळे घरी फोन केला की हल्ली एकच वाद, शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधनावर राबवून घ्यायचं वर सर्व्हे आणि ॲपवर माहिती भरायची, ही गुलामगिरीच आहे असं एक पार्टी म्हणते, आणि दुसरी म्हणते २०२३ ला प्राथमिकवाल्यांचे ६ हजाराचे १६ हजार केले की, अजून काय पाहिजे? मी राहतो रोममध्ये. इथे एकेकाळी शिकवणारा माणूस खरोखर बाजारातून विकत आणलेला असायचा.

डाफ्निस नावाचा, व्याकरण शिकवणारा गुलाम ७ लाख सेस्टर्सला (रोमन नाणं) विकला गेला होता, आता पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या सैन्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स, म्हणजे बघा! शिकलेला गुलाम महाग मिळायचा एवढंच, विद्येने तो आपोआप सुटत नव्हता, सोडायचं की नाही ते मालकाच्या मर्जीवर. आणि पालेमोन नावाचा दुसरा एक, उत्तर इटलीतल्या आजच्या विचेन्झाकडचा, जन्मानेच गुलाम, आधी विणकाम शिकला, मग मालकिणीच्या पोराला शाळेत पोचवायला जायचा तेव्हा तिथे बसून अक्षरं शिकला. पुढे सुटका झाली आणि रोममध्ये शाळा काढून वर्षाला ४ लाख सेस्टर्स कमवायला लागला. (माणूस भयंकर गर्विष्ठ होता म्हणे, पण मला तो आवडतो.)

खरा मासला म्हणजे थोरला केटो, जुन्या रोमचा एक कडक पुढारी. त्याच्या घरी चिलो नावाचा गुलाम होता, चांगला शिकवायचा, बाहेरची पोरंसुद्धा त्याच्याकडे शिकायची. पण स्वतःच्या मुलाला केटोने त्याच्याकडे बसवलं नाही, स्वतः शिकवलं. का, तर गुलामाने माझ्या पोराचा कान पिरगाळायचा हे चालणार नाही, आणि शिक्षणासारख्या गोष्टीसाठी पोराने गुलामाचं ऋण घ्यायचं हे तर त्याहून नाही. बाकीच्या बऱ्याच रोमन लोकांना मात्र असलं काही टोचत नव्हतं, पोरगं गुलामाच्या हाती द्यायचे आणि जेवायला त्याला पंगतीत घ्यायचे नाहीत.

तर आमच्या गुरुजींना चिलो म्हणणं मला पटत नाही, राजीनामा देता येतो, संघटना आहे, कोर्ट आहे. पण पालकांमधला केटो जिवंत आहे हे मान्य करा! पोराला शिकवलं पाहिजे पण शिकवणाऱ्याचं देणं मानायचं नाही, शिक्षकदिनाला हार घातला की वर्षभराची उधारी फिटली.

आणि इकडे सगळं छान आहे असं समजू नका, इथेही वर्षानुवर्षं तात्पुरत्या करारावर शिकवणारे आहेत, जूनमध्ये करार संपतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा रांग, इतकं की २०१४ साली युरोपियन युनियनच्या कोर्टाने मास्कोलो खटल्यात इटलीला झापलं. फरक एवढाच की इथले शिक्षक नेमक्या कायद्यावर बोट ठेवून भांडले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ आहे की, शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायचं तर जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढ्यालाच परवानगी, मग बाकीचे सर्व्हे कशात बसतात? ते विचारायचं सोडून आमचे लोक फोनवर गुलामगिरी आहे की नाही यावरच तासभर घालवतात.